वडिलांविषयी लिहितो आहेस म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी चार पानं मिळाली. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायला छोटी पुस्तिका करायची आहे, मी जरा भाषा बघावी, असं तू लिहिलं आहेस. भाषेचं मागाहून बघू. पहिल्या पानावरचे 'कष्टाळू, प्रेमळ, मितभाषी, कुटुंबवत्सल' हे शब्द आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही दिवंगत गृहस्थाला चालतात, निधनवार्तेत रोज छापून येतात. ते सगळे काढून टाक.

तिसऱ्या पानावर मात्र एक ओळ आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून वडील म्हणायचे, "आज पंचमी, पावणेचाराक भरती. हय पोचासर पाच वाजतले." (इथे पोचेपर्यंत पाच वाजतील.) ही ओळ दुसऱ्या कोणाच्या बापावर लिहिता येणार नाही. आणि तू काय केलंस, तर ती टिपून लगेच 'त्यांना निसर्गाची ओढ होती' म्हणून पुढच्या परिच्छेदात गेलास!

पुस्तिका वाचणारे अर्धे लोक मुंबईचे असतील, त्यांच्यासाठी तो हिशेब उलगडून सांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पण हे झालं समुद्रकिनाऱ्याचं. तुमचं घर कर्लीच्या खाडीत बरंच आत. तिथवर पाणी चढत यायला वेळ लागतो, आणि हा वेळही रोज सारखा नसतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत घुसतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी असते तेव्हा, कुथत येतं, आणि पावसाळ्यात वरून नदीचा लोंढा त्याला मागे रेटत असतो. तुमच्या वाडीच्या धक्क्यावर कोणत्या दिवशी किती उशीर धरायचा, हे पंचांगात सापडत नाही. तुझ्या वडिलांना ते तोंडपाठ होतं. त्यांच्याबरोबर पागायला, म्हणजे पाग हे फेकजाळं टाकून मासे धरायला, जाणारे दोघंतिघं अजून आहेत ना? त्यांच्याकडे वही घेऊन जा. कुठल्या वळणावर शेवटे मासे, कुठे तांबोशी, गरीला (गळाला) कोळंबी कधी लावायची, पागाचा आस (जाळ्याचं भोक) किती बोटांचा, सगळं विचार. दोघं दोन उत्तरं देतील, भांडतीलही. दोन्ही लिही.

आणखी एक. तुझ्या पानांत ते सारखे खाडीवरच दिसतात. अरे, ते शेतकरी होते! जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, उन्हाळ्यात काजू आणि आंबा, मधेच सोसायटीचा हप्ता आणि तुमच्या फिया. मासे मारायचे ते या सगळ्याच्या फटीत. रात्री दोनची ओहोटी साधून परतलेला माणूस सकाळी पुन्हा चिखलात उभा, असं शेत आणि खाडी एकाच वाक्यात आलं की त्यांचं वेड किती होतं ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल. सोमवारी स्वतः खात नसत, तरी पाग घेऊन जात आणि मिळालेलं शेजारीपाजारी वाटून टाकत, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. पानांत ते कुठे गेलं?

आता आईबद्दल. तिच्याशी तू या कामासाठी बोललेलाच नाहीस, हे वाचताना कळतं. मध्यरात्री आलेली टोपली कोण साफ करत होतं? घरात फ्रीज नव्हता तेव्हा मासळी सकाळपर्यंत तशीच ठेवता येत नसे. त्याच वेळी खवलं काढून, मीठ-हळद लावून ठेवावी लागे. तुझ्या वडिलांच्या छंदाची निम्मी मेहनत त्या माउलीची आहे. ती कदाचित म्हणेल, घरात कटकट झाली की हे गरी उचलून चालू लागायचे. म्हणाली तर तेही छाप. नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.

चौथ्या पानावर वळगणीचं आलं आहे. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे ओहोळातून शेतात शिरतात, तेव्हा बॅटऱ्या घेऊन बापलेक गेलात आणि भरपूर मिळाले. वर्णन सुरेख उतरलंय, त्यातलं काही बदलू नकोस. पण तो मासा अंडी घालायला वर चढत असतो. गाभोळीने भरलेला मासा वाटेतच मारला तर पुढच्या वर्षी ओहोळात काय येणार, हे त्यांच्यासारख्या माणसाला उमगलं नसेल असं मला वाटत नाही. पुढे ते काही सोडून देत होते का, की घरात खाणारी तोंडं बघून तो विचार बाजूला ठेवत होते? आठवून बघ. आठवलं नाही तर वाक्य घालू नकोस. नदीत जिलेटीन फोडणाऱ्यांवर ते भडकत, हे मी स्वतः ऐकलं आहे. ते हवं तर माझ्या नावावर घाल.

शेवटचा 'संयमाची शिकवण' हा परिच्छेद मला अजिबात पटला नाही. गरी टाकून बसलेल्या माणसाला मासा हवा असतो. मिळाला नाही तर तो चिडतो, गरीला शिव्या घालतो आणि उद्या पुन्हा जातो. तुझे वडील चिडत नसत असं मला सांगू नकोस, मी त्यांना ओळखत होतो.

पाग पडवीच्या बाहेर खुंटीला टांगलाय असं लिहिलं आहेस. तो आधी आत घे. नायलॉन उन्हात विटतं, मग हाताने ओढलं तरी तुटतं. वाडीत कोणाला पागता येत असेल तर त्याला वापरायला दे, नाहीतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेव. पानं आईशी बोलून झाल्यावरच पाठव, घाई नाही. पुस्तिका छापायला आठ दिवस पुरतात.

तुझा,
मास्तर