एलेव्हॉनसाठी मेकॅनिकल मिक्सर: बेलक्रँक किती मोठा घ्यावा?

एलेव्हॉन म्हणजे बिनशेपटीच्या विमानाच्या पंखांमागचे हलते पृष्ठभाग; पिच (नाक वर-खाली) आणि रोल (बाजूला झुकणं) दोन्ही तेच सांभाळतात. स्टिकच्या या दोन हालचाली एकत्र करून एलेव्हॉनपर्यंत पोचवतो तो मिक्सर, आणि बेलक्रँक ही त्यातली पिव्हटवर, म्हणजे खिळीवर, फिरणारी तरफ. तिचं जे माप तुम्ही विचारलंत, ते शेवटी सांगतो. तुम्ही लिहिलंय, ‘न्यूट्रलला सगळे रॉड काटकोनात आहेत, म्हणजे भूमिती बरोबर आहे.’ (न्यूट्रल म्हणजे स्टिक मध्यावर.) या एका वाक्यावर माझे अनेकांशी वाद झालेत, म्हणून आधी तेच घेतो.

तुमची रचना नेहमीचीच आहे. पिचसाठी पुढेमागे डुलणारा कॅरियर (बेलक्रँक धरणारी चौकट), त्यावर टी-आकाराचा बेलक्रँक, त्याच्या दोन हातांना दोन एलेव्हॉनचे पुशरॉड (ढकलणारे-ओढणारे दांडे), आणि टी-च्या उभ्या दांडीला, म्हणजे शेपटाला, बाजूने आडवा येणारा रोलचा रॉड. न्यूट्रलला छानच दिसते. आता स्टिक पूर्ण मागे ओढा. कॅरियरची त्रिज्या 60 मि.मी. आणि डुलणं 20 अंश, म्हणजे बेलक्रँकचा पिव्हट साधारण 20.5 मि.मी. सरकला. रोलचं इनपुट जागचं हललेलं नाही, पण 120 मि.मी.चा तो आडवा रॉड आता तिरका झालाय आणि शेपूट 1.75 मि.मी. आपल्याकडे खेचतोय. शेपूट 40, हात 40 आणि हॉर्न (एलेव्हॉनवरचा, पुशरॉड जोडायचा दांडा) 30 मि.मी. धरला, तर एक एलेव्हॉन सव्वातीन अंश जास्त वर आणि दुसरा तितकाच कमी. पिच मागितला, रोल फुकट मिळाला.

हा दोष ओळखायला सोपा आहे. स्टिक मागे ओढा किंवा पुढे ढकला, झुकाव एकाच बाजूला येत असेल तर रॉड आखूड आहे. मागे ओढल्यावर एका बाजूला आणि पुढे ढकलल्यावर उलट बाजूला येत असेल, तर न्यूट्रलचा काटकोन चुकलाय. पहिल्या दोषावर ट्रिम टॅब (कायमचा झुकाव काढायची छोटी पट्टी) लावून काही होत नाही, तरी लोक लावत बसतात.

रॉड चौपट लांब केला, 480 मि.मी., तर चूक हॉर्नवर जेमतेम 0.8 अंश उरते. इतकी जागा क्वचितच असते. खरा उपाय म्हणजे रोलचा रॉड कॅरियरच्या पोकळ पिव्हट-नळीतून आणणे. त्याचा सांधा कॅरियरच्या आडव्या अक्षावरच डावीउजवीकडे सरकला, की कॅरियर कितीही डुलला तरी सांध्यापासून शेपटापर्यंतचं अंतर बदलत नाही. चूक कमी होते असं नाही, ती उरतच नाही. फक्त नळीतला रॉड स्वतःभोवती फिरायला मोकळा ठेवा, नाहीतर रॉड-एन्ड (टोकाचा चेंडूसांधा) कोनात अडकेल. ‘एवढी कटकट कशाला’ म्हणणाऱ्यांनी एकदा स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन एलेव्हॉनवर कोनमापक लावावा.

कोपऱ्यांतच दुसरा घोळ होतो. समजा, एलेव्हॉनच्या हालचालीत पिचचे 20 आणि रोलचे 15 अंश एकत्र आले, की तो 35 अंशांवर जातो. पुशरॉड हॉर्नशी जवळजवळ एका रेषेत आला, तर तिथून परत येताना अडकू शकतो. त्या टोकालाही दोघांत 30 अंशांचा कोन उरायला हवा. स्टॉप (हालचाल थांबवणारे अडसर) पिचला आणि रोलला वेगळे लावा. एकच स्टॉप एलेव्हॉनवर ठेवलात तर पायलटचा सगळा जोर मधल्या सांध्यांवर येतो.

आता माप. जागा देईल तितका मोठा, पण हात 40 मि.मी.पेक्षा आखूड नकोच. सांध्यातला प्ले (ढिलेपणा) मिलिमीटरमध्ये तेवढाच राहतो, हात वाढला की कोनात कमी होतो. सहा सांधे, प्रत्येकी 0.05 मि.मी.: 30 च्या हॉर्नवर अर्ध्या अंशाहून जास्त, 60 वर त्याच्या निम्मा. हा प्ले फ्लटरला, म्हणजे हवेत एलेव्हॉनच्या वाढत जाणाऱ्या थरथरीला, आमंत्रण आहे.

हो, आणि रॉड-एन्डचा चेंडू निसटला तरी रॉड सुटू नये म्हणून मोठा वॉशर लावा. फिरत्या बोल्टला नायलॉक (नायलॉनच्या कड्याने घट्ट राहणारा नट) नको, कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यातून स्प्लिट पिन. वरचे आकडे पुशरॉडची लांबी भरपूर आहे असं धरून काढलेत. तुमच्या मापांनी पुन्हा काढा. आत माणूस बसणार असेल तर मिक्सरचं ड्रॉइंग आणि लोडचा हिशेब, दोन्ही विमान डिझाइनच्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.