वाचकांचे प्रश्न : चौदा दिवसांच्या गोळ्या आणि दह्याची वाटी

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५२ आहे. रिकाम्या पोटी दुखण्याचा त्रास बरेच महिने अंगावर काढल्यानंतर त्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि अल्सरबरोबर ‘एच. पायलोरी’ या जंतूंचा संसर्ग असल्याचे निदान झाले. टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल, बिस्मथ आणि आम्ल कमी करणारी गोळी असे चौदा दिवसांचे औषध चालू आहे. चौथ्या दिवसापासून जुलाब होतात, तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि शौचाचा रंग काळा झाला आहे. मेडिकलवाल्यांनी ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’च्या कॅप्सूल दिल्या, सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा घरचे दही खा, आणि धाकटे दीर म्हणतात, चांगले जंतू पोटात गेले की वाईट जंतू आपोआप हटतील, अँटिबायोटिक बंद करा. जंतू मारणारे औषध आणि जंतूंचेच औषध एकाच वेळी कसे चालेल? यजमान सकाळी तालमीतून येताना गंगावेशीतील दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पितात आणि सकाळच्या गोळ्याही त्याच दुधाबरोबर घेतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. टेट्रासायक्लिन दुधातील कॅल्शियमशी बांधले जाते आणि त्यामुळे रक्तात पुरेसे शोषले जात नाही, म्हणजे आपले यजमान सकाळची गोळी गिळतात खरी, पण तिचा बराच भाग वाया जातो. गोळ्या पाण्याबरोबरच घ्याव्यात आणि दूध, दही, ताक व पनीर यांच्यात आणि टेट्रासायक्लिनमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. आतापर्यंतचे दिवस असे गेले आहेत, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगावे. कोल्हापूरकराला दूध सोडायला सांगण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु पोट बिघडलेले असताना न तापवलेले दूध पिऊ नये, एवढे मात्र निक्षून सांगतो.

आता मूळ प्रश्न. जंतू मारणारे औषध सोबतच्या जंतूंनाही मारील, ही आपली शंका रास्त आहे आणि लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंच्या प्रोबायोटिकबाबत (म्हणजे चांगल्या जंतूंच्या औषधाबाबत) ती बऱ्याच अंशी खरी ठरते; म्हणूनच अशा कॅप्सूल अँटिबायोटिकनंतर दोनेक तासांनी घ्यायला सांगतात. आपल्याला मिळालेली सॅकरोमायसिस बुलार्डी मात्र जिवाणू नसून यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, आणि जिवाणूंवरील अँटिबायोटिकचा यीस्टवर परिणाम होत नाही. आँरी बुलार या फ्रेंच संशोधकाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन यांच्या सालींतून ती वेगळी केली. पटकीच्या साथीत तिथले लोक या सालींचा काढा पीत, असे सांगतात. बुरशीवरील औषध चालू असेल, तर मात्र ती निकामी होते. कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी, तसेच मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णांनी ती घेऊ नये, कारण क्वचित ती रक्तात शिरते.

तिचा उपयोग किती? याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. एच. पायलोरीच्या उपचारांविषयीच्या २०२२ च्या मास्ट्रिख्ट सहमतीपत्रात युरोपीय तज्ज्ञांनी काही विशिष्ट प्रोबायोटिकमुळे या उपचाराचे पोटाचे दुष्परिणाम कमी होतात असे मान्य केले, तर अमेरिकेतील जठरांत्र तज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये यासाठीचा पुरावा अपुरा ठरवला. माझे मत असे की जुलाबामुळे जो रुग्ण औषध अर्धवट सोडण्याच्या बेतात आहे, त्याला अशी कॅप्सूल देऊन चौदा दिवस पार पडत असतील, तर ती जरूर द्यावी. कोर्स संपल्यावर मात्र ती महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. २०१८ मध्ये इस्रायलमधील संशोधकांना असे आढळले होते की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळचे जंतू पूर्ववत व्हायला उलट अधिक वेळ लागला.

सासूबाईंचे दही जेवणात खुशाल असावे, मात्र वर सांगितलेले अंतर पाळून. विरजणात कोणते जंतू किती आहेत हे घरोघरी बदलते, त्यामुळे ते आहार म्हणून उत्तम असले तरी मोजून दिलेल्या औषधाची जागा घेऊ शकत नाही.

दिरांचे म्हणणे मात्र साफ चुकीचे आहे. जठराच्या श्लेष्मल आवरणात दडलेला हा जंतू एकट्या प्रोबायोटिकने भरवशाने जात नाही, आणि औषध मध्येच सोडले की उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. तो उगीच सोडून देण्यासारखा जंतूही नव्हे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांत, घातले आहे.

काळ्या शौचाचे कारण बहुधा बिस्मथ आहे. जीभही काळसर दिसू शकते आणि औषध थांबल्यावर दोन्ही पूर्ववत होतात. परंतु शौच डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त असेल, चक्कर येत असेल, किंवा जुलाबाबरोबर ताप वा रक्त असेल, तर कॅप्सूलवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

अँटिबायोटिक संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तपासणीत तो नसल्याचे दिसू शकते.