रावेरची पोरगी, दिल्लीचं स्कूल आणि इराणला जाणारी केळी

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक पालकांचं पत्र आहे. मुलगी टी.वाय.बी.ए.ला, विषय राज्यशास्त्र. तिला दिल्लीला जेएनयूच्या (जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या) स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या विभागात, एम.ए. करायचंय. घरचे म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर जळगावला एमपीएससीचा क्लास लाव. वडील विचारतात : "संस्था खरंच जुनी आहे, की हल्ली निघतात तसलं दुकान? काढली कशासाठी? तिथं शिकून पोरगी राजदूत होते का? आणि नाही झाली तर करते काय?" पत्राच्या शेवटी त्यांनी सहज एक ओळ लिहिली आहे : मागच्या हंगामात इराणचा माल थांबला, भाव पडला, व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणे "तिकडे गडबड आहे."

भाऊ, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुकान नाही. ज्या विद्यापीठात हे स्कूल आहे, त्या विद्यापीठापेक्षाही ते वयाने मोठं आहे. जेएनयू १९६९चं, स्कूल १९५५चं. तेव्हा त्याचं नाव इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज होतं आणि ते दिल्लीत सप्रू हाउसमध्ये भरायचं. काढलं होतं इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सने. ही कौन्सिल १९४३ची, म्हणजे इंग्रज इथं असतानाची. तेजबहादूर सप्रू तिचे पहिले अध्यक्ष. १९४७च्या मार्च-एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याला अजून काही महिने बाकी असताना, याच कौन्सिलने दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई देशांची परिषद भरवली होती. पुढे कौन्सिलची आणि स्कूलची धुरा वाहिली हृदयनाथ कुंझरूंनी. हे गृहस्थ पुण्याच्या गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष, त्यामुळे आपल्याला अगदीच परके नाहीत. ए. अप्पादुराई पहिले संचालक. १९६१ साली स्कूलला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९७०मध्ये ते जेएनयूत सामील झालं.

आता ते काढलं कशासाठी, हा तुमचा दुसरा प्रश्न. चारही प्रश्नांत मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मुलीने जावं की नाही याचं उत्तर त्यातच आहे.

तो काळ बघा. देशाची परराष्ट्र सेवा १९४६-४७मध्ये उभी राहिलेली. त्याआधी जगाशी आपला व्यवहार लंडनमार्फत. इराण म्हणा, ब्रह्मदेश म्हणा, इंडोनेशिया म्हणा, या शेजाऱ्यांबद्दल आपल्याकडे जी माहिती होती ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी इंग्रजांच्या सोयीसाठी लिहून ठेवलेली. १९५५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले देश एकत्र बसले, आणि त्याच वर्षी हे स्कूल निघालं. त्या देशांची भाषा शिकलेली, तिथं जाऊन राहिलेली, त्यांचे कागद त्यांच्याच भाषेत वाचून आपल्या देशाच्या गरजेने विचार करणारी माणसं तयार करायची, हे त्याचं काम. म्हणून सुरुवातीला भर पीएच.डी.वर होता. एकेका संशोधकाने जगाचा एकेक भाग धरायचा आणि त्यात मुरायचं. आजही स्कूलची रचना त्याच अंगाने आहे : पश्चिम आशिया, रशिया आणि मध्य आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, युरोप अशी वेगवेगळी केंद्रं. जोडीला आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार आणि निःशस्त्रीकरण यांची.

बाहेरच्या देशांनीही अशा संस्था आपापल्या गरजेतूनच काढल्या. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ जिनिव्हात बसला, तर १९२७मध्ये तिथली ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट निघाली. अमेरिकेत १९३३मध्ये फ्लेचर स्कूल. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३मध्ये, ख्रिश्चन हर्टर आणि पॉल निट्झ यांनी वॉशिंग्टनला सैस (स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड इंटरनॅशनल स्टडीज) काढलं. युद्धानंतर जगाचा कारभार अमेरिकेच्या अंगावर पडणार, त्यासाठी माणसं लागतील, हा त्यांचा हिशेब. पुढे ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेलं. या संस्था उत्तम आहेत, पण तिथं मूल आधी अमेरिकेचे प्रश्न शिकतं. शिवाय दोन वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासकट कोटीच्या घरात जातो. मुलीने आधी इथं शिकावं आणि पुढं जायचंच असेल तर शिष्यवृत्तीवर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमची ती शेवटची ओळ. "तिकडे गडबड आहे" म्हणजे नक्की काय, हे तुमच्या व्यापाऱ्यालाही माहीत नसणार. बंदरात कंटेनर अडला? निर्बंधांमुळे पैसे येण्याचा मार्ग बंद झाला? की तिथल्या सरकारने आयातीचा नियम फिरवला? प्रत्येकाचा उपाय वेगळा. भारत केळी पिकवण्यात जगात पहिला, पण निर्यातीत इक्वेडोर आपल्या कितीतरी पुढे. इराण, इराक, अमिराती ही आपली मोठी गिऱ्हाइकं. या गिऱ्हाइकांच्या घरात काय चाललंय हे फारसी-अरबी वाचून सांगू शकणारी किती माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत? मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही.

आणि हे खान्देशाला नवं नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. सावकाराकडून कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला आपण का बुडालो हे कुणी सांगितलं नाही. १९३६च्या डिसेंबरात तुमच्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष होते, आणि केळीच्या मुलखात उभं राहून ते स्पेनमधल्या युद्धाबद्दल आणि युरोपातल्या फॅसिझमबद्दल बोलले. पुढं ज्यांनी परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं आणि ज्यांच्या काळात हे स्कूल निघालं, तेच हे नेहरू.

राजदूत होते का? या पदवीने नाही. परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीतून जातो, कुठल्याही शाखेचा पदवीधर ती परीक्षा देऊ शकतो, आणि या सेवेच्या जागा वर्षाला पन्नासच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतात. एस. जयशंकर यांनी जेएनयूतून आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. केली हे खरं, पण सेवेत ते स्पर्धा परीक्षेतूनच आले. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा यूपीएससीचा वैकल्पिक विषय असल्याने एम.ए.चा अभ्यास कामी येतो, एवढाच त्याचा लाभ. त्या भरवशावर पाठवू नका.

मग करते काय? इथं मी गोड बोलणार नाही. एम.ए. झाल्या झाल्या चांगल्या पगाराची नोकरी वाट बघत नसते. दिल्लीत संशोधन संस्था आहेत : मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, विकसनशील देशांच्या अर्थकारणावर काम करणारी आरआयएस, शिवाय ती मूळची वर्ल्ड अफेअर्स कौन्सिल, जिला संसदेने २००१मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. तिथं सुरुवात संशोधन सहायक म्हणून होते, तीही बहुधा कंत्राटी. दूतावासांत स्थानिक कर्मचारी लागतात, वृत्तसंस्थांना परदेशी घडामोडी जाणणारी माणसं लागतात, निर्यातदार कंपन्या आणि शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडासारख्या सरकारी संस्थांच्या कामात बाजारपेठेचा अभ्यास असतो. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झाली तर प्राध्यापकी. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये. एम.फिल. आता बंद झाली आहे, कुणी अजून ती करायला सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे.

या सगळ्यात टिकतात ती भाषा येणारी मुलं. नुसतं "जागतिक राजकारण" वाचलेली मुलं दिल्लीत खंडीभर आहेत. पण फारसी वाचता येणारी, इराणच्या व्यापारावर चार पानं नेमकी लिहू शकणारी मुलगी दुर्मिळ. जेएनयूच्याच आवारात भाषांचं वेगळं स्कूल आहे, फारसी, अरबी, रशियन, चिनी सगळं तिथं शिकवतात. मुलीला हे ओझं वाटत असेल तर तिने बी.एड. केलेलं बरं, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

खर्चाची धास्ती सोडा. शिकवणी शुल्क वर्षाला काही शे रुपये आहे. खरा खर्च हॉस्टेल आणि मेसचा. हॉस्टेल कधी कधी उशिरा मिळतं, सुरुवातीच्या मुक्कामाची सोय हाताशी ठेवा. टीव्हीवर दिसतात ती आंदोलनं होतात, पण त्याच वेळी लायब्ररीही भरलेली असते. गाडी भुसावळहून थेट आहे.

प्रवेश सीयूईटी-पीजी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चमध्ये, संगणकावर. पेपर इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही, आणि वर्ग इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातल्या पोरांची खरी अडचण तिथंच होते, म्हणून तिने आजपासून एखाद्या इंग्रजी दैनिकाचं परदेशविषयक पान रोज वाचावं आणि त्यावर दहा ओळी इंग्रजीत लिहाव्यात. चुकल्या तरी चालतील. शिवाय तिला सांगा, एक देश निवडून, त्याच्याबद्दल तिला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते दोन पानांत मराठीत लिहून काढ. ती पानं भरली तर तुम्ही अडवू नका. सीयूईटीच्या गुणांवर इतर विद्यापीठांचे पर्यायही ठेवता येतात. पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, सिम्बायोसिसचं याच विषयाचं स्कूल आहे, पण त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी आणि सिम्बायोसिसची फी जास्त.

एक काम मात्र तुमचं. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. ओबीसी नॉन-क्रिमीलेअर असो वा ईडब्ल्यूएस, केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि कुठल्या आर्थिक वर्षाचा हवा ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याअखेरची केळी, लावायच्या गडबडीत हे मागे पडतं आणि जानेवारीत तहसीलला रांग लागते, तेव्हा दिवाळीआधीच अर्ज टाकून द्या.