गॅसगळतीची भरपाई मागताना कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो का?

नाही. घातक रसायन हाताळणाऱ्या कंपनीतून वायू गळला आणि शेजारच्या वस्तीला बाधा झाली, तर चूक कोणाची हे न पाहता भरपाई द्यावी लागते. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर 1985 मध्ये ओलियम (धूर सोडणारं तीव्र गंधकाम्ल) गळलं, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घालून दिलं. ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव तिथेच संपला. मे 2020 मध्ये विशाखापट्टणमला स्टायरीन गळल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) दुसऱ्याच दिवशी एल. जी. पॉलिमर्सला 50 कोटी रुपये भरायला सांगितले, तेही याच धर्तीवर.

अर्ज याच हरित लवादाकडे करायचा. महाराष्ट्रासाठी पुण्यात खंडपीठ आहे. भरपाईसाठी मुदत 5 वर्षं. शिवाय 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तातडीची मदत मागता येते. रक्कम मर्यादित असते, पण ती घेतली म्हणून मोठ्या भरपाईचा हक्क जात नाही.

मात्र त्रास त्याच वायूमुळे झाला, हे तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि बहुतेक दावे इथेच लंगडे पडतात. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन केसपेपरवर तारीख, वेळ आणि ‘वायू श्वासात गेल्यावर डोळ्यांची आग, धाप’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘खोकला’ लिहिलेला कागद फारसा कामाचा नाही.