फ्रेंच-कॅनेडियन पूर्वज शोधताना एकाच माणसाची दोन आडनावं का सापडतात?

तुमच्या यजमानांचे खापरपणजोबा लग्नाच्या नोंदीत पेपँ आणि दफनाच्या नोंदीत लाशांस, म्हणून माणूस एकच की दोन, असं विचारताय. एकच. ‘पेपँ दी लाशांस’, म्हणजे पेपँ ऊर्फ लाशांस. अशी बरीच नावं पलटणीतून आली. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर ही फ्रेंच रेजिमेंट न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे आजच्या क्वेबेकच्या बाजूला, उतरली, त्यातले चारेकशे शिपाई तिथेच राहिले आणि लाफ्लर, साँसूसी ही टोपणनावं पोराबाळांना चिकटली. पुढे एका भावानं मूळ आडनाव चालवलं, दुसऱ्यानं ‘दी’नंतरचं. देशमुखी मिळाली की आपल्याकडे जुनं आडनाव मागं पडायचं, तसंच.

आणि घरातले सगळे जोसेफ म्हणून घाबरू नका. बाप्तिस्म्याला मुलगा असेल तर जोसेफ, मुलगी असेल तर मारी हे पहिलं नाव जवळपास ठरलेलं. हाकेचं नाव बहुधा शेवटी असतं.

आता खरं सांगते. पुरुषांच्या मागे लागू नका, बायका शोधा.

माझं लग्न माँट्रिअलच्या मुलाशी झालं तेव्हा सांगलीच्या काकूंचा पहिला प्रश्न, “आडनाव कधी बदलतेस?” क्वेबेकमध्ये १९८१पासून कायद्यानंच लग्नानंतर बाईचं जन्माचं नाव कायम राहतं, हे सांगून झालं. “आजकालची थेरं!” दर दिवाळीला फराळाच्या खोक्यावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं आडनाव. डबे पोचायचे, पण पोस्टात ओळखपत्र दाखवताना माझी वरात.

मग सासऱ्यांचा वंशवृक्ष काढायला घेतला आणि क्वेबेकच्या बोस भागातल्या एका गावात अडकले. एकाच चर्चच्या वहीत, एकाच काळात, एकाच नावाचे दोन जोसेफ. सोडवलं कुणी? त्यांच्या आयांनी. पाद्री लग्नाच्या नोंदीत वरवधूच्या आईवडिलांची नावं लिहायचा आणि आई माहेरच्या आडनावानं. १७६०च्या आसपासचं पान, शाई पिवळी पडलेली, खाली ‘सही करता येत नाही’ असा शेरा, पण बाईचं आडनाव ठणठणीत. दफनाच्या नोंदीतसुद्धा ‘अमक्याची बायको’ आहेच, पण नाव तिचं स्वतःचं. त्या पानाचा फोटो काकूंना पाठवला. उत्तर आलं, “त्यांच्यात चालत असेल.” अडीचशे वर्षांपूर्वीची थेरं, काकू!

तर सासूबाईंना त्यांच्या आईचं, आजीचं माहेरचं आडनाव विचारा आणि लग्नाच्या नोंदींवरून एकेक पिढी मागे जा. द्रुएँ संग्रहात नोंदवह्यांच्या प्रतिमा आहेत, माँट्रिअल विद्यापीठाच्या पीआरडीएच या माहितीसाठ्यात कुटुंबं जुळवून ठेवलीत. ताँगे नावाच्या पाद्र्याचा एकोणिसाव्या शतकातला सात खंडांचा वंशकोश सुरुवातीला बरा, पण त्यात चुका आहेत, मूळ पान बघाच.

हो, घराणं अकेडियन, म्हणजे आजच्या नोव्हा स्कॉशियाकडचं फ्रेंच असेल, तर इंग्रजांनी १७५५मध्ये त्यांना हद्दपार केलं त्यात बऱ्याच वह्या गेल्या, तिथे एवढं सोपं नाही. कुणी अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत गेलं असेल तर आडनावाचं इंग्रजी भाषांतर होऊन ब्वाव्हेरचा ग्रीनवूड झालेला सापडेल आणि बाई नवऱ्याच्या आडनावाखाली. क्वेबेकमध्येही मधल्या काळात बाईला नवऱ्याच्या नावानं ‘मादाम अमुकतमुक’ म्हणायची टूम होतीच. काकूंना हे सांगितलेलं नाही.

वंशवृक्षात स्वतःला मात्र माहेरच्या आडनावानंच लिहा. कुणी नाक मुरडलं, तर यजमानांच्या खापरपणजीची नोंद समोर धरा.