बीव्ही परत परत होत असेल तर आधी आतून धुणं थांबव

तुझं वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, म्हणून अगं-तुगं करते. तू लिहिलंस, वर्षात तिसऱ्यांदा बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं), गोळ्या संपल्या की दीड महिन्यात तोच वास, आणि सासूबाई म्हणतात स्वच्छता कमी पडते. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, म्हणून जास्त घाबरलीयेस. स्वच्छता कमी पडत नाहीये गं. रोज दोनदा वॉश लावतेस, हेच जास्त होतंय.

मी पुण्यात एका लॅबमध्ये 26 वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली योनीस्रावाच्या स्लाइड बघितल्या. निरोगी स्लाइडवर मोठ्या, स्वच्छ कडांच्या पेशी दिसतात आणि त्यांच्यामध्ये जांभळ्या काड्या. त्या काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यातून सुटणाऱ्या साखरेचं हे जंतू लॅक्टिक आम्ल करतात. पीएच 3.8 ते 4.5 राहतो आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं फावत नाही. बीव्हीत काड्या नाहीशा होतात. गार्डनेरेलासारखे बारीक जंतू पेशीला इतके चिकटतात की कडच दिसत नाही, रव्यात घोळवलेला वांग्याचा काप जसा.

एकदा हडपसरहून एक मुलगी आली होती. तपासणीला जायचं म्हणून सकाळी जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुऊन आलेली. स्लाइडवर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं, बिचारीला परत यावं लागलं. योनी आतून धुवायची नसते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेरून साधं पाणी, बस्स. सुगंधी वॉश आजच बंद कर.

आता परत का होतं? मेट्रोनिडॅझोलने, म्हणजे बीव्हीच्या नेहमीच्या औषधाने, त्रास थांबतो, पण अस्तरावरचा जंतूंचा थर पूर्ण जात नाही आणि काड्याही आपोआप परततात असं नाही. निम्म्याहून जास्त बायकांना वर्षभरात पुन्हा होतं, म्हणजे तू एकटी नाहीस. रक्त आणि वीर्य दोन्ही आम्लारिधर्मी, म्हणजे आंबटपणा कमी करणारी, म्हणून पाळीनंतर आणि संबंधांनंतर वास वाढतो. आणि नवऱ्याचा विषय डॉक्टरांकडे नक्की काढ. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत 35 टक्के बायकांना परत झालं. फक्त बायकोला औषध दिलं तिथे 63 टक्के. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण इतकी वर्षं सगळा भार बाईच्याच माथी होता.

दही खा, आत लावू नकोस. विरजणातले जंतू वेगळे, योनीत टिकणारा लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस वेगळा. मेडिकलमधली प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे तोच जंतू, असं धरून चालू नकोस.

बाळाचं: बीव्ही आहे म्हणून दिवस राहत नाहीत असं नाही. पण बीव्ही असलेल्यांत अकाली प्रसूतीचं आणि गर्भाशयापर्यंत संसर्ग चढण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून ठरवण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना हा सगळा इतिहास सांग. दिवस राहिल्यावर वास आला तरी लपवू नकोस, तेव्हाही उपचार होतात.

उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. खाज आणि दह्यासारखं घट्ट पांढरं जात असेल तर ते बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, त्याचं औषध वेगळं. आणि ताप आला किंवा ओटीपोटात दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.