बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ रचणारी खेळाडू, होऊ पाहणाऱ्या मुलीस

तू गुण किती केलेस असे विचारणारे पुष्कळ भेटतील. परंतु अमेरिकन पॉइंट गार्ड स्यू बर्डचे जुने सामने पाहताना तू तिचे पास मोज. सिएटल स्टॉर्म या संघाने २००२ मध्ये तिला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वप्रथम निवडले आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये ती त्याच संघाकडून खेळली. त्या काळात तिने ४ विजेतेपदे आणि ३,२३४ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने लगेच गुण केले असे पास) मिळवले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०१९ चा संपूर्ण हंगाम हुकूनही पुढच्याच वर्षी, वयाच्या ३९व्या वर्षी, ती विजेत्या संघात होती, तेव्हा दुखापतीनंतर परतण्याची घाई करू नकोस. सरावात चेंडूकडे न पाहता डाव्या हाताने ड्रिबल करत, सहकारी खेळाडूने स्क्रीन लावताच, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभे राहून त्याला अडवताच, बचावपटूचे खांदे कोणीकडे वळतात हे टिपायला शीक, कारण बास्केटकडे चेंडू फेकण्यासाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळात विचार करायला फारशी उसंत नसते. (नुसत्या उंच उडीचे मला कधीच फार कौतुक वाटले नाही.)